आई साताऱ्यात, नोकरी व्हर्जिनियात: सिक्युरिटी क्लिअरन्सचे प्रश्न

अमेरिकेत संरक्षण कंत्राटदार कंपन्यांत काम करणाऱ्या मराठी मंडळींचे या वेळचे प्रश्न बहुतेक एकाच काळजीतून आले आहेत: भारतातल्या आपल्या माणसांमुळे क्लिअरन्स, म्हणजे गोपनीय माहिती हाताळायची सरकारी परवानगी, अडेल का?

प्रश्न: मी 2019 साली अमेरिकी नागरिक झालो. आई-बाबा साताऱ्यात असतात, दोघंही भारतीय नागरिक. रोज व्हिडिओ कॉल होतो. तो कमी करू का?

अजिबात करू नका. हा सल्ला कुणीतरी देतंच, आणि तो चुकीचा आहे. आई-वडिलांवर, तसंच सासू-सासऱ्यांवरही माणसाची माया असते, हे क्लिअरन्सच्या सुनावणीत गृहीतच धरतात. 'आमचं फारसं जमत नाही' हे सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर येतं. रोज बोलणाऱ्या मुलानं ते का घ्यावं?

8 जून 2017 पासून लागू असलेल्या क्लिअरन्सच्या नियमावलीत 13 निकष आहेत. त्यातला दुसरा परकीय प्रभावाचा. परदेशात नातेवाईक आहेत एवढ्यावरून नकार देत नाहीत. त्या नात्यामुळे धोका वाढतो का, आईला त्रास देऊन कुणी तुमच्याकडून काही काढून घेऊ शकेल का, हे पाहतात. त्यासाठी देश कोणता, तिथे हेरगिरी आणि दहशतवाद किती, घरातलं कुणी सरकारी नोकरीत आहे का, हे सगळं तपासतात. भारत मित्रदेश आहे म्हणून सरसकट सूट नाही, कारण मित्रदेशांचेही हितसंबंध वेगळे असू शकतात. पण चीन किंवा इराणमध्ये कुटुंब असलेल्या अर्जदाराइतकं कठीणही जात नाही. बाबा जिल्हा परिषदेचे निवृत्त शिक्षक असतील, तर सरकारी पेन्शन मिळते हेही सांगा.

दुसऱ्या पारड्यात तुमचं इथलं आयुष्य असतं: घर, मुलांची शाळा, निवृत्तीचा फंड, इथे काढलेली वर्षं. त्याचे कागद आत्तापासून जमवा. शंका उरली तर निकाल अर्जदाराच्या नव्हे, देशाच्या सुरक्षेच्या बाजूनं लागतो. संरक्षण खात्याचे असे निकाल नावं वगळून इंटरनेटवर ठेवलेले असतात. भारताशी संबंधित चार-पाच तरी वाचाच.

प्रश्न: आईची शाळेतली जन्मतारीख 1 जून, खरी श्रावणातली कधीतरी. लग्नात तिचं नावही बदललं. फॉर्ममध्ये काय लिहू?

हा प्रश्न वाचून मला एक संध्याकाळ आठवली. एका ओळखीच्या घरी जेवणाच्या टेबलावर एसएफ-86, म्हणजे क्लिअरन्सच्या अर्जाचा फॉर्म, भरायला बसलो होतो. आई 1 जून, वडील 1 जून, सासरे 1 जून. मुलगा घाबरून म्हणाला, "काका, हे खोटं वाटेल हो!" शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीची तारीख टाकली, हे आपल्याकडे घरोघरी आहे, पण तपासनीसाला ते कसं कळणार? पासपोर्टवरची तारीख लिहा आणि शेऱ्यात दोन ओळींत कारण द्या. माहेरचं नाव आणि सासरी बदललेलं नाव, दोन्ही लिहा. आई-वडील हयात नसले तरी त्यांची नोंद करावीच लागते.

कारण न देता दोन कागदांवर दोन तारखा दिसल्या, तर प्रश्न नात्याचा राहत नाही, तुमच्या प्रामाणिकपणाचा होतो. मी पाहिलेल्या प्रकरणांत नातेवाईकांपेक्षा लपवाछपवीच जास्त नडली आहे. जाणूनबुजून खोटं लिहिणं हा 5 वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे.

प्रश्न: सातबाऱ्यावर भावाबरोबर माझंही नाव आहे. शिवाय दर महिन्याला आईला पैसे पाठवते.

दोन्ही लिहा. परदेशी नागरिकाला आजवर कधी आर्थिक मदत केली आहे का, असा थेट प्रश्न फॉर्ममध्ये आहे, आणि आईसुद्धा त्यात येते. ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देतं ते कार्ड) असलेल्यांना शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारशानं मिळू शकते. त्यामुळे ती कशी आली हे स्पष्ट करा. तुमच्या वाट्याची अंदाजे किंमत डॉलरमध्ये काढून इथल्या मालमत्तेशेजारी मांडा. इथे घर आणि फंड मिळून पाच लाख डॉलर, तिथे वाट्याला वीस हजार, असं चित्र असेल तर त्या जमिनीसाठी कुणी तुमच्यावर दबाव आणेल, असं म्हणणं अवघड जातं.

प्रश्न: व्हॉट्सॲपवर चुलत-मावस भावंडांचा 64 जणांचा ग्रुप आहे. सगळ्यांची नावं द्यायची?

नाही. गेल्या 7 वर्षांत ज्यांच्याशी जवळचा किंवा सततचा संपर्क आहे आणि माया किंवा बांधिलकीही आहे, त्यांचीच. दिवाळीला फुलांचं चित्र पाठवणारा चुलतभाऊ त्यात येत नाही. जिनं तुम्हाला लहानाचं मोठं केलं ती मावशी येते.

प्रश्न: क्लिअरन्स मिळालं. डिसेंबरमध्ये भाचीच्या लग्नाला नाशिकला जायचंय. काही कळवावं लागतं?

हो, आणि निघण्याआधी. खासगी परदेश प्रवासही कळवावा लागतो. तिकिटं काढायच्या आधीच कंपनीच्या सुरक्षा अधिकाऱ्याकडे तारखा, मुक्कामाचा पत्ता आणि कुणाकडे उतरणार ते द्या. लग्नात कुणी तुमच्या कामाबद्दल नको इतकं खोदून विचारलं, तर परत आल्यावर तेही सांगा. लग्नाला मात्र नक्की जा.