परड्यात मॅकाडेमिया लावायचा, की पैसे पोस्टात ठेवायचे?

प्रश्न : आम्ही कसबा बावड्यात राहतो. मी 64 वर्षांची, यजमान 68. त्यांची पेन्शन आहे, घर स्वतःचं आहे. घरामागं तीन गुंठे परडं मोकळं पडलंय. एका खासगी रोपवाटिकेच्या माणसानं 40 रोपांचं पॅकेज सांगितलंय : मॅकाडेमिया (काजू-बदामासारखा परदेशी सुकामेवा) 25, काजू 10, बदाम आणि अक्रोड मिळून 5. ठिबक आणि तीन वर्षांची देखभाल धरून 1,80,000 रुपये. पाचव्या वर्षापासून दरवर्षी दोन लाख सुटतील म्हणतो. पुढच्या महिन्यात आमची दोन लाखांची एफडी संपतेय. ती यात घालावी का? यजमान हरखून गेलेत, 5,000 रुपये बुकिंगलाही देऊन बसलेत. परड्याच्या खालच्या अंगाला पावसाळ्यात आठ-आठ दिवस पाणी साठतं. शिवाय यजमानांच्या गुडघ्याचं ऑपरेशन वर्ष-दोन वर्षांत करावं लागेल.

उत्तर : ताई, एफडी यात घालू नका. झाडं लावायची हौस असेल तर जरूर लावा, पण ती चार-पाच हजारांत होते. तिला पावणेदोन लाख लागत नाहीत.

आधी टेप घेऊन दोघंही परड्यात जा. एक गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट. तुमचे तीन गुंठे झाले 3,267, म्हणजे साधारण 300 चौरस मीटर. काजूचं कलम सात बाय सात मीटरवर लावतात, म्हणजे एका झाडाला 49 चौरस मीटर जागा. तुमच्याकडे झाडं बसतात सहा. शोषखड्डा, धुण्याचा दगड आणि शेजाऱ्याच्या भिंतीपासूनचं अंतर सोडलंत तर पाचच. एवढ्या जागेत 40 रोपं फक्त रोपवाटिकेच्या वाफ्यात राहतात. दाटीत लावलेलं झाड उन्हासाठी नुसतं उंच जातं, आणि काजूला मोहोर येतो तो ऊन लागणाऱ्या फांद्यांच्या शेंड्यांना. आतली झाडं पानं देतील, बिया देणार नाहीत.

आता दोन लाखांचं बघू. 40 झाडांचे दोन लाख म्हणजे झाडामागं 5,000. न सोललेल्या काजूबीला हिशोबापुरता किलोला 130 रुपये दर धरला, तर एका झाडानं 38 किलो बी द्यायला हवी. आजरा-चंदगडकडच्या मोकळ्या रानात, फवारणी वेळेवर करून, पुऱ्या वाढलेल्या झाडाला दहा-पंधरा किलो मिळाली तरी शेतकरी खूश असतो. आणि तुमच्या झाडानं हे पाचव्या वर्षी करायचंय!

बदाम आणि अक्रोडावर फार शाई घालवत नाही. या झाडांना हिवाळ्यात सात अंशांखालची थंडी काही शे तास लागते, तेव्हा कुठे ती नीट फुलतात. कोल्हापुरात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा 14-15 अंशांच्या आसपास असतो. शाळेच्या आवारात दिसतो तो लाल पानांचा देशी बदाम, तो वेगळा. ‘बदाम येतोच की इथं’ असं कुणी म्हणालं तर तेवढं लक्षात ठेवा.

खरी भुरळ मॅकाडेमियाची आहे, म्हणून त्याच्यावर जरा थांबतो. झाड मूळचं ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडचं. कलम असेल तर चार-पाच वर्षांनी पहिली फळं दिसतात, भरघोस यायला दहा-बारा वर्षं जातात. बियांचं रोप असेल तर आणखी उशीर. म्हणून त्या माणसाला एकच विचारा : कलम आहे का? असेल तर खोडावर सांधा दिसलाच पाहिजे. शिवाय मुळाशी पाणी साठलेलं या झाडाला अजिबात चालत नाही, आणि तुम्ही तर आठ-आठ दिवस म्हणताय. ही अडचण तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलीत. माझ्या मते व्यवहार मोडायला तेवढी एकच पुरेशी आहे. काजूलाही पाणथळ जमीन मानवत नाही.

समजा सगळं जमलं. मग विकायचं कुणाला? रोपवाटिकावाले भाव सांगतात तो दुकानातल्या सोललेल्या, खारवलेल्या गराचा. अख्ख्या बीच्या वजनात गर एक तृतीयांशाच्या आसपास असतो. वरची साल काढायची, बी कितीतरी दिवस वाळवायची, मग कवच फोडायचं, आणि ते आपल्या अडकित्त्याला दाद देत नाही. मार्केट यार्डात गुळाच्या रव्यांचे सौदे निघतात. तिथं दहा-पंधरा किलो मॅकाडेमिया घेऊन गेलात तर बोली लावायला कोण उभं राहणार? गिऱ्हाईक ठरलेलं नसेल तर त्या भावाला अर्थ नाही. ‘आम्हीच विकत घेऊ’ असं ते म्हणत असतील, तर दर, वर्ष आणि किलो हे स्टॅम्प पेपरवर लिहून मागा. बहुतेक बोलणी तिथंच संपतात.

दुसऱ्या बाजूला तुमची रक्कम. 1,80,000 रुपये सात टक्क्यांनी सात वर्षं नुसते पडून राहिले तरी 2,89,000 च्या आसपास होतात. पाच-सहा झाडांनी वर्षाला पाच-सहा हजारांचा माल दिला (आणि हा मी हात सैल सोडून धरलेला आकडा आहे), तर मुद्दल निघायलाच तीस वर्षं लागतील. औषध, मजुरी आणि पाणी यात धरलेलंच नाही.

एफडी संपली की माझ्या मते असं करा. एक लाख पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत. एप्रिल 2023 पासून तिथं 8.2 टक्के मिळताहेत. पैसे भरण्याआधी चालू तिमाहीचा दर खिडकीवर विचारून घ्या, कारण भरताना जो दर असेल तोच पाच वर्षं राहतो. लाखाला वर्षाचे 8,200, म्हणजे दर तीन महिन्यांनी 2,050 खात्यात. उरलेला लाख एका वर्षाच्या एफडीत, ऑपरेशनसाठी हाताशी. दोन्ही लाख पोस्टात नकोत, कारण ती योजना वर्षाच्या आत मोडली तर व्याज मिळत नाही, दुसऱ्या वर्षात मोडली तर मुद्दलातून दीड टक्का कापतात. मेडिक्लेमबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही. असेल तर पॉलिसीचे कागद काढून सांधेबदलाच्या प्रतीक्षा काळाचं कलम वाचा. नव्या पॉलिसीत तो बहुधा दोन ते तीन वर्षांचा असतो, त्यामुळे आता नव्यानं काढलेली या ऑपरेशनला उपयोगी पडेल असं धरू नका.

आता हौस. परड्याच्या वरच्या, निचऱ्याच्या बाजूला दोन काजू, वेंगुर्ला-4 किंवा वेंगुर्ला-7 ची कलमं, सरकारी किंवा कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेतून. दोन नारळ, घरापासून आणि शेजाऱ्याच्या पत्र्यापासून चांगले वीस फूट लांब. खड्डे, शेणखत, रोपं आणि एक दिवसाचा गडी धरून चारेक हजार. पोस्टाचं दोन तिमाहींचं व्याज. चार झाडांना ठिबकही नको, मोरीजवळच्या नळाची पाईप पुरते. नारळ घरात लागतोच, विकायला जायची गरज नाही.

काजूची खरी कमाईही स्वयंपाकघरातच आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये बी कोवळी असताना काढून ओल्या काजूगरांची उसळ करा. बाजारात तो गर किती महाग असतो ते तुम्ही जाणताच. सोलण्याआधी हाताला खोबरेल तेल भरपूर चोळा, चीक लागला की कातडी भाजल्यासारखी होते आणि मग सोलपटं निघतात. वाळलेली बी मात्र घरी भाजायला घेऊ नका. टरफलातलं तेल उडतं आणि धूर डोळ्यांत जातो. जमलेली बी आजऱ्याच्या एखाद्या प्रक्रिया करणाऱ्याकडे द्या.

यजमानांना एक गोष्ट वेगळी सांगा, कारण ती रोपवाल्याच्या पत्रकात नसणार. बावडा महापालिकेच्या हद्दीत आहे. 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे उद्या घर वाढवायचं झालं किंवा मुलांना जागा विकायची झाली, तर मोठी झालेली झाडं परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. तीन गुंठे जागा हीच तुमची सगळ्यात किमती ठेव आहे. ती 40 झाडांनी अडवून ठेवू नका.

राहिले बुकिंगचे 5,000. पावती आहे का बघा, नसेल तर व्हॉट्सॲपवर लिहून घ्या की पैसे मिळाले. रोपं अजून आलेली नाहीत, तेव्हा बुकिंग रद्द करून पैसे परत द्या अशी लेखी मागणी करा आणि पंधरा दिवसांची मुदत घाला. उत्तर आलं नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. आले तर आले. नाही आले तर ते पाच हजार बुडीत धरा, पण ते वसूल करायच्या नादात उरलेले 1,75,000 देऊ नका.