आधी जाऊन बघून ये

बेटा,

तुझा मेसेज मी दोनदा वाचला, मग काकूलाही वाचून दाखवला, राग नको मानू. एमपीएससी पुन्हा द्यायची की पुण्याचा साईट इंजिनिअरचा जॉब घ्यायचा की एम.टेक. करायचं, अन् त्यात बाबा म्हणून राहिले की तोवर एखादं स्थळ बघून घेऊ. "काका, काहीच समजून नाही राहिलं." मेहनत कर, हिंमत नको हारू असलं मी काही लिहिणार नाही. तू मेहनती आहेस हे पूर्ण गल्लीला माहीत आहे, मे महिन्यात लाईट गेल्यावर गच्चीत मोबाईलच्या उजेडात पॉलिटी वाचताना मी पाहिलं आहे तुला.

मला एकच विचारायचं आहे अन् पूर्ण पत्र त्याच्यावरच आहे, कंटाळशील तर कंटाळ. यातली एक तरी गोष्ट तू जाऊन बघितली आहेस का?

तहसीलदार व्हायचं म्हणतेस. तहसील ऑफिसात शेवटची कधी गेली होतीस? नॉन क्रिमिलेअर काढायला, तेही सेतूच्या खिडकीपर्यंत. आतमध्ये तो माणूस दिवसभर काय करतो हे तुला माहीत नाही, तुला गाडी माहीत आहे, पाटी माहीत आहे अन् यूट्यूबवरची टॉपरची मुलाखत माहीत आहे. त्याच्यासमोर पांदण रस्त्याची, म्हणजे शेतात जायच्या वाटेची, भांडणं येतात, दोन सख्खे भाऊ, एकाने बांध फोडला, दुसऱ्याने काटे टाकले, अन् हे सगळं तो १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली ऐकतो. फेरफाराची प्रकरणं असतात. अतिवृष्टी झाली की पंचनामे, रात्री रेतीच्या ट्रकमागे धावणं, निवडणूक आली की मशीन अन् मतदान केंद्रं. अन् आपल्या नागपुरात तर डिसेंबरमध्ये हिवाळी अधिवेशन, १९५३ च्या नागपूर करारामुळे दरवर्षी सरकार इथे येतं न, तेव्हा कोणत्या साहेबाला कुठे उतरवायचं अन् कोणाला स्टेशनवरून आणायचं यात महसूलवाल्यांचे दिवस जातात. हे काम वाईट आहे असं मी म्हणत नाही. काही लोकांना यातच मजा येते, भावाभावांचं भांडण मिटवलं की त्यांना जेवण गोड लागतं. तुला येते का मजा? तुला कसं माहीत? जाऊन बघून ये. सुनावणीच्या दिवशी मागे जाऊन उभी राहा, दिवसभर.

आपण कूलर घ्यायला गेलो तरी दुकानदाराला आधी चालू करून दाखवायला लावतो, हवा किती फेकतो, आवाज किती करतो. अन् तीस-पस्तीस वर्षांची नोकरी मात्र पेपरातल्या जाहिरातीवरून ठरवायची. काऊन?

माझं सांगतो. आमच्या वडिलांची इच्छा बँकेची होती. आमचे मामा बँकेत होते, मी एक दिवस त्यांच्यासोबत जाऊन बसलो. तेव्हा कॉम्प्युटर नव्हते, जाडजाड लेजर असायचे. संध्याकाळी चार रुपयांचा फरक येत होता म्हणून सगळे आठ वाजेपर्यंत आकडे टिकमार्क करत बसले, अन् मामा खूश होते, अगदी मनापासून, फरक सापडला तेव्हा त्यांनी सगळ्यांना चहा पाजला. मला मात्र तिथे जीव घुसमटल्यासारखं झालं. मग डिप्लोमाच्या ट्रेनिंगला कोराडीच्या वीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये उभा राहिलो. भिंतभर मीटर, फ्रिक्वेन्सीचा काटा पन्नासच्या खाली घसरून राहिलेला, पावसात कोळसा ओला आला म्हणून तो दळायची मिल चोक, अन् भट्टीतली ज्वाळा विझू नये म्हणून ऑइल सपोर्ट द्या म्हणून एकाची ओरड. मला कोणी सांगायची गरजच पडली नाही. पॉवर प्लांटमध्येच आयुष्य काढलं, शिफ्टमध्ये.

आता तुझे बाबा तुला सांगतील, काका हुशार होते पण तिथेच अडकले. सांगू दे. एएमआयई, म्हणजे नोकरी करता करता द्यायची इंजिनिअरिंगची परीक्षा, अर्धवट राहिलं हे खरं आहे. नाईट करून आल्यावर पुस्तक उघडलं की डोळे मिटायचे, अन् डिग्री नाही म्हणून माझ्यानंतर आलेली पोरं माझे साहेब झाली. किती दिवाळ्या घरी नव्हतो ते काकूला विचार, ती तारखेनिशी सांगेल. मामांचा पोरगा बँकेत लागला, त्याचा मनीषनगरला फ्लॅट आहे अन् माझं हे जुनंच घर. याची खंत आहे न, नाही कसं म्हणू. पण ड्यूटीवर जाताना पाय जड झाले असा दिवस मला आठवत नाही, अन् हे त्या फ्लॅटवाल्याने मला एकदा म्हणून दाखवावं. तो रिटायरमेंटचे दिवस मोजत असतो. असो, त्याचं त्याच्यापाशी. विषय तुझा आहे.

तू म्हणशील, काका, आधी सिलेक्शन तर होऊ दे, मग काम बघू. इथेच मला राग येतो. २०२३ ची तलाठी भरती तू पण दिली होती, पदं ४,६४४ अन् अर्ज दहा लाखांच्या वर, अन् वेगवेगळ्या शिफ्टचे पेपर एका पातळीवर आणायचं ते नॉर्मलायझेशन होऊन २०० पैकी २१४ मार्क आलेले आपण सगळ्यांनी पाहिले. यूपीएससीला २०२४ मध्ये दहा लाखांच्या आसपास अर्ज, निवडले १,००९. एवढ्या गर्दीत कोण टिकतं? तुझ्याच अभ्यासिकेत बघ, ज्याला ते काम पाहिजेच आहे तो पडला तरी उठतो, अन् बाकीचे सीट अडवून बसलेले असतात, घरी काय सांगायचं हा प्रश्न टळतो म्हणून. एमपीएससीच्या राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली, १,७५० मार्कांची लेखी अन् वर २७५ ची मुलाखत, म्हणजे हाताला परत लिहायची सवय लावण्यापासून सुरुवात. तेवढा वेळ घालायचा तर कशासाठी हे डोळ्यांनी बघितलेलं पाहिजे. अन् ओपनला वय ३८ पर्यंत चालतं हे तू मला आनंदाने सांगत होतीस. तुला ती सवलत वाटते, मला त्या आकड्याची भीती वाटते.

पुण्याच्या जॉबचं पण तेच. "साईटवर मुलींना जमत नाही" हे तुला कोणी सांगितलं, तर जी पोरगी कधी साईटवर गेली नाही तिने. अगं तू सिव्हिल शिकलीस! कामठी रोडने रोज स्कूटी नेतेस, गड्डीगोदामला खाली रस्ता, वर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल, त्याच्याही वर मेट्रो, एकावर एक चार, लोक बाहेरून बघायला येतात, अन् तू खालून हॉर्न मारत निघून जातेस. चालू रेल्वेच्या डोक्यावर तो पोलादी सांगाडा चढवला कसा, गाड्या थांबवून ब्लॉक किती तासांचा मिळत असेल, हा प्रश्न तुला एकदाही पडला नसेल तर तेही समजून घे. पडला असेल तर मग तू राज्यशास्त्र पाठ करत काय बसली आहेस? कोणत्याही चालू साईटवर, तुझ्या कॉलेजच्या सरांची ओळख लावून, दोन दिवस जाऊन ये. सकाळी सातला जा, स्लॅब भरतात त्या दिवशी जा, उन्हात उभी राहा. लेडीज टॉयलेट आहे की नाही ते बघ, मजूर तुझं ऐकतात की ठेकेदाराकडे बघतात ते बघ. वाईट वाटलं तर वाईट वाटू दे, तेही कळणं झालंच.

एम.टेक.बद्दल मला फार बोलायचं नाही. व्हीएनआयटीत तुझी मैत्रीण आहे न, तिच्या लॅबमध्ये जाऊन बस एक दिवस. दुसरं काही सुचत नाही म्हणून करणार असशील तर नको करू.

तर पुण्यावाल्यांकडून पंधरा दिवस मागून घे, देतात. बाबांशी मी बोलतो, स्थळाचं दिवाळीनंतर बघू म्हणतो, ते माझं ऐकतील. पण तू जाऊन आलीस तरच बोलीन, आधी नाही. अन् आल्यावर मला काय आवडलं ते नको सांगू, कुठे घड्याळ बघितलं अन् कुठे बघायचं विसरली तेवढं सांग.

टेस्ट सिरीज चालू आहे हे कारण मला चालणार नाही. तुझी टेस्ट दुपारी तीनला असते, तहसील पावणेदहाला उघडतं.

तुझा काका