मेनिन्जिओमा आणि मेंदूतला जन्मजात दोष एकत्र असतील तर?

तुमचा प्रश्न असा: एमआरआयमध्ये मेनिन्जिओमा, म्हणजे मेंदूच्या आवरणातली गाठ, दिसला आणि कॉर्पस कॅलोसम जन्मापासूनच अर्धवट असल्याचंही कळलं, तर एकामुळे दुसरं झालं का?

बहुतेक वेळा नाही. कॉर्पस कॅलोसम, म्हणजे मेंदूच्या दोन अर्धगोलांना जोडणारा मज्जातंतूंचा पट्टा, गर्भाच्या साधारण 20व्या आठवड्यापर्यंत आकाराला येतो. मेनिन्जिओमा मात्र मेंदूच्या आवरणातल्या पेशींपासून, सहसा उतारवयात आणि हळूहळू वाढतो. बहुतांश गाठी कर्करोगाच्या नसतात. जन्मजात दोष अनेकदा गाठीसाठी केलेल्या तपासणीतच पहिल्यांदा लक्षात येतो, म्हणून दोन्ही जोडलेले वाटतात.

पण एक शक्यता मला सोडवत नाही. गोर्लिन सिंड्रोम या दुर्मीळ आनुवंशिक आजारात दोन्ही गोष्टी एकाच मुळातून येऊ शकतात. जबड्यात वारंवार होणाऱ्या सिस्ट, कमी वयात त्वचेचा बेसल सेल कर्करोग, लहानपणी मेड्युलोब्लास्टोमा (मेंदूचा एक कर्करोग), यांपैकी काही तुम्हाला किंवा घरात कुणाला झालं असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. हे महत्त्वाचं अशासाठी की या आजारात रेडिएशन दिलं तर त्या भागात त्वचेचे कर्करोग मोठ्या संख्येने उद्भवू शकतात, त्यामुळे ते शक्यतो टाळतात.

गाठी एकाहून जास्त असतील किंवा रुग्ण लहान मूल असेल, तर 22व्या गुणसूत्रावरच्या एनएफ2 जनुकाची तपासणी करायला हवी; त्यातल्या बदलामुळे अशा गाठी होण्याचा एक आनुवंशिक आजार होतो. आईवडिलांना हा आजार नसला तरीही तपासणी करावी, कारण निम्म्याच्या आसपास रुग्णांमध्ये हा बदल नव्याने झालेला असतो.