पहिल्यांदा स्टॉपवॉच हातात घेतोस तर एवढं बघ

अरे भाऊ, शाळेच्या स्पर्धेत टायमिंगची ड्युटी लागली म्हणून घाबरू नको, दोन संध्याकाळ ग्राउंडवर प्रॅक्टिस केली की हात बसतो. आधी स्टार्ट बटण कोणतं अन् लॅप (मधला वेळ दाखवणारं बटण) कोणतं ते न बघता बोटाला सापडलं पाहिजे. नवीन माणूस हमखास स्टॉपऐवजी लॅप दाबतो, आकडा थांबलेला दिसतो पण आत घड्याळ चालूच असतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पिस्तुलाच्या आवाजावर बटण दाबणं. १०० मीटरवरून आवाज यायला जवळजवळ ०.३ सेकंद लागतात, तेवढा वेळ पोराला फुकट मिळतो, म्हणून धूर बघ, अन् क्लॅपर (पिस्तुलाऐवजी आपटायच्या दोन फळ्या) असेल तर फळ्या मिटताना बघ.

शेवटी पोराचं धड (छाती-पोटाचा भाग) रेषेवर आलं की थांबव, डोकं किंवा पाय धरायचा नाही. हाताचं टायमिंग पुढच्या दशांशात धरतात, १२.३१ आलं तर १२.४ लिही. आणि वहीत लिहिल्याशिवाय रिसेट करूच नको, धुळ्यात एकदा माझ्याकडून झालं होतं, पोरगं रडलं भो, अजून आठवतं.

जळगावच्या उन्हात स्क्रीन काळी पडते, घड्याळ सावलीत ठेव. स्प्लिट मेमरी (मधले वेळ घड्याळात साठवणं) वगैरे नंतर सांगतो.