कोल्ड एअर इनटेक टाकल्याने गाडीचा पिकअप खरंच वाढतो का?

भाऊ, तुम्ही विचारलंय की 1.2 लिटर पेट्रोल गाडीला कोल्ड एअर इनटेक (म्हणजे इंजिनला बाहेरची गार हवा आणून देणारा पाईप आणि फिल्टर) टाकायला 12 हजार सांगतायत, 10 बीएचपी ताकद वाढेल आणि ऍव्हरेज पण वाढेल असं दुकानदार म्हणतोय, तर टाकू का. मी हे करून पस्तावून बसलोय म्हणून सांगतो.

यामागचं लॉजिक खोटं नाहीये. गार हवा दाट असते, म्हणजे सिलेंडरमध्ये तेवढ्याच जागेत ऑक्सिजन जास्त बसतो, आणि पेट्रोल इंजिनला 1 किलो पेट्रोल नीट जाळायला 14.7 किलो हवा लागते, म्हणजे खरी टंचाई हवेचीच असते, पेट्रोल काय, ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) पाहिजे तेवढं सोडतो. 1200 सीसीचं इंजिन 6000 आरपीएमला मिनिटाला तीन हजार लिटरच्या वर हवा ओढतं! आणि ही हवा दर 3 डिग्री गार झाली की साधारण 1 टक्का दाट होते, एवढाच हिशोब आहे. दुसरं म्हणजे हवा तापलेली असली की नॉकिंगची, म्हणजे सिलेंडरमध्ये पेट्रोल आपोआप भलत्या वेळी पेटण्याची, भीती असते, मग ईसीयू स्पार्क उशिरा टाकतो आणि गाडी मेल्यासारखी चालते, मे महिन्यात एसी लावून कसारा घाट चढताना जे होतं ना त्यात याचाही हात असतो.

म्हणून तर डिसेंबरात पहाटे नाशिकहून निफाडकडे निघालं की तीच गाडी वेगळीच पळते. 40 डिग्रीच्या दुपारपेक्षा 10 डिग्रीच्या पहाटे हवा दहा टक्के दाट असते, फुकटात.

आता माझं सांगतो. मी जे घेतलं ते नावालाच कोल्ड एअर होतं, चकचकीत पाईप आणि बोनेटखाली उघडा कोन फिल्टर. आवाज एक नंबर यायचा, पहिले दोन दिवस मी कारण नसताना गंगापूर रोडला चकरा मारल्या. मग मित्राचं ओबीडी डोंगल लावलं (गाडीच्या सॉकेटला लावायचं छोटं यंत्र, इंजिनचे आकडे मोबाईलवर दाखवतं), त्यात इनटेक एअर टेम्परेचर, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान दिसतं. एप्रिलची दुपार, बाहेर 38, द्वारका चौकाच्या ट्रॅफिकमध्ये उभा होतो आणि मोबाईलवर आकडा चढत चढत 62! म्हणजे इंजिन रेडिएटरमागची तापलेली हवा पीत होतं. नंतर कंपनीचा जुना फिल्टरचा डबा परत बसवून तसाच उभा राहिलो तर 45 च्या वर गेला नाही, कारण कंपनीने नळी आधीच पुढे ग्रिलजवळ काढलेली असते. या 17 डिग्रीत पाच टक्के हवा गेली, आणि वर पैसे मी मोजले.

खरं कोल्ड एअर इनटेक म्हणजे ज्याचं तोंड बोनेटखालच्या गरमीतून बाहेर, बंपरमागे वगैरे असतं, किंवा फिल्टरभोवती नीट बंद डबा असतो. त्याने फरक पडतो, पण साध्या नॉन टर्बो गाडीला फार तर दोन-चार बीएचपी, ते पण फुल ऍक्सिलेटरला आणि वरच्या आरपीएमला. सिटी सेंटर मॉलपासून कॉलेज रोडपर्यंत काय कळणार त्यात? आणि ऍव्हरेजचं विसरा, अर्ध्या ऍक्सिलेटरला इंजिनला हवा कमी पडतच नसते, ती आपणच पायाने अडवलेली असते.

शिवाय तोंड खाली घेतलं की पावसाळ्यात पंचाईत. दहीपूल, सराफ बाजाराकडे पाणी साचतं तेव्हा अशी नळी पाणी ओढते, पाणी काही दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉडच वाकतो, आणि बदल केलेल्या गाडीचा क्लेम मिळवताना घाम फुटतो. तेल लावून वापरायचा एअर फिल्टर असेल आणि धुतल्यावर तेल जास्त लावलं तर हवा मोजणारा एअरफ्लो सेन्सर घाण होतो ते वेगळंच (तुमच्या गाडीला तो सेन्सर असेल तर).

तर आधी डोंगल लावून स्वतःच्या गाडीचा आकडा बघा. चालत्या गाडीत हायवेला, म्हणजे पाथर्डी फाट्याच्या पुढे रस्ता मोकळा मिळाल्यावर, तो बाहेरच्यापेक्षा पाच-सात डिग्रीच जास्त असेल तर नवीन पाईप कमावणार काय? आणि बोनेट उघडलंच आहे तर फिल्टर पण काढून बघा, माझा निघाला तेव्हा त्यात द्राक्षाच्या मळ्यातली अख्खी वाळलेली पानं होती.