पहिल्या घोटाआधी

मित्रा, वाईन चाखायला शिकतोयस, तर दहा बाटल्या मांडू नकोस. नाशिकजवळच्या दिंडोरीकडची एक शेनिन ब्लाँ (व्हाइट वाईन) आणि एक शिराझ (रेड वाईन), एवढ्यावर महिना काढ. ग्लास जेमतेम तिसरा हिस्सा भर, फिरव, आधी वास घे. पेरू आठवला तर वहीत ‘पेरू’च लिही; उसने शब्द नकोत.

नवशिक्यांच्या नेहमीच्या चुका:
- झणझणीत मिसळ खाऊन लगेच चाखायला बसणं.
- अंगावर अत्तर.
- एप्रिलच्या उकाड्यात रेड तशीच पिणं. आधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेव. १६-१८ अंशांना ती खुलते.

लेबलवरचं साल, म्हणजे द्राक्षं तोडल्याचं वर्ष, बघच. आपली द्राक्षतोड जानेवारी ते मार्च, फ्रान्सची सप्टेंबरच्या आसपास. म्हणजे त्याच सालाची आपली वाईन वयाने काही महिन्यांनी मोठी. बोर्दो वगैरे फ्रेंच वाईन नंतर बघू. आणि चाखलेला घोट थुंकायला अजिबात लाजू नकोस, सगळे जाणकार थुंकतात.