नाका बंद आहे असं धरून घर बघ

प्रिय पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं, फ्लॅटचे फोटोही निरखून पाहिले. बाल्कनीसमोर नदी, नदीपलीकडे दुसरा देश, आणि पूल ओलांडला की बारा मिनिटांत तुझं ऑफिस. घर तुझ्या मनात भरलंय हे ओळीओळीतून कळतं. शुक्रवारपर्यंत विसार द्यायचा आहे म्हणतेस, म्हणून हातातलं सगळं बाजूला ठेवून आज लिहायला बसले.

अशाच एका शहरात मी नऊ वर्षं काढली. आधी दोन घरं भाड्याची, मग एक स्वतःचं. तिथून मी शिकले ती गोष्ट एकच, आणि हे सगळं पत्र तिच्याभोवतीच फिरणार आहे. सीमेवरच्या शहरात घर घेताना नाका बंद आहे असं धरून हिशोब मांड. नाका बंद झाला तरी हप्ता निघेल, दवाखाना आणि बाजार अलीकडेच मिळेल, आणि तरीही त्या घरात तुला राहावंसं वाटेल, तर खुशाल घे. पूल उघडा आहे एवढ्याच जोरावर ते घर चांगलं दिसत असेल, तर शुक्रवार जाऊ दे.

तू म्हणशील, मावशी, आजकाल नाके कोण बंद करतं? जर्मनीतलं कॉन्स्टान्झ आणि स्वित्झर्लंडमधलं क्रॉइत्सलिंगेन ही दोन शहरं एकमेकांना इतकी चिकटलेली आहेत की चालता चालता देश कुठे बदलला ते कळत नाही. मार्च २०२० मध्ये साथीमुळे त्यांच्यामधे कुंपण उभं राहिलं. लोक जाळीच्या दोन्ही बाजूंना येऊन एकमेकांचे हात धरायला लागले, तेव्हा थोडं अंतर सोडून दुसरं कुंपण घातलं गेलं. मे महिन्यात ते निघालं, इतकंच बरं. फिनलंडमधल्या लाप्पेनरांताच्या नशिबी तेही नव्हतं. सुमारे ७०,००० वस्तीचं, रशियाच्या सीमेजवळचं शहर. तिथल्या दुकानांना पलीकडच्या गिऱ्हाइकांची वर्षानुवर्षांची सवय. २०२३ च्या अखेरीस फिनलंडने रशियाकडून येणाऱ्या माणसांसाठीचे जमिनीवरचे सगळे नाके बंद केले. तिथल्या दुकानदाराने किंवा घरमालकाने काही चुकीचं केलं नव्हतं. फाटकाची किल्ली शहराकडे नसतेच, ती दोन राजधान्यांकडे असते.

त्यातून तुझं शहर मध्यम आकाराचं. मोठ्या शहरात एक कंपनी गेली तर दुसऱ्या दहा असतात, एक गिऱ्हाईक मागे फिरलं तर दुसरं येतं. मध्यम शहरात घर घेणारी माणसंच मोजकी, आणि सीमेवर तर त्यांतली बरीचशी एकाच कारणाने आलेली असतात. ते कारण गेलं की सगळे एकदम विकायला निघतात.

हे मी माझ्याच जिन्यात पाहिलंय. आमच्या इमारतीत सोळा घरं, त्यांतल्या अकरा घरांतली माणसं रोज पलीकडे कामाला जायची. नाका सात आठवडे बंद राहिला. पहिला आठवडा सुट्टीसारखा गेला, गच्चीवर मुलं खेळली. तिसऱ्या आठवड्यापासून जिन्यात खोकी दिसायला लागली. दोराने बांधलेल्या गाद्या, भांड्यांवर गुंडाळलेले टॉवेल. महिनाअखेरीस मी रात्री खाली उतरले तर पाच दारांवर ‘भाड्याने देणे’च्या पाट्या. माझं घर त्याच सुमारास मला विकायचं होतं. चार महिने कोणी बघायलासुद्धा आलं नाही, आणि शेवटी घेतलं त्याहून कमी भावात द्यावं लागलं. घर मुळीच वाईट नव्हतं. पण मी ते पुलाच्या भावाने घेतलं होतं.

आता पैशाचं. तुझा पगार पलीकडच्या चलनात, घर अलीकडे, आणि पलीकडची बँक कमी व्याजाने कर्ज देते आहे. ज्या चलनात पगार त्याच चलनात कर्ज, हा जुना नियम बरोबरच आहे. तो मोडला की काय होतं ते १५ जानेवारी २०१५ ला दिसलं. स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने २०११ पासून १ यूरोला किमान १.२० फ्रँक ही मर्यादा धरून ठेवली होती, म्हणजे फ्रँक त्याहून महाग होऊ द्यायचा नाही, ती त्या सकाळी एकाएकी सोडली आणि फ्रँक काही मिनिटांत वधारला. फ्रँकमध्ये पगार घेऊन सीमेपलीकडे फ्रान्समध्ये राहणाऱ्यांच्या हातात त्या महिन्यात जास्त यूरो पडले. पण पोलंडमध्ये व्याज स्वस्त म्हणून अनेकांनी फ्रँकशी बांधलेलं गृहकर्ज घेतलं होतं आणि पगार होता तिथल्या चलनात, झ्लॉटीत. एकही हप्ता न चुकवता त्यांचं कर्ज फुगलं.

तू म्हणशील, माझं तर चलन जुळतंय. आज जुळतंय. पण नोकरी पलीकडची, आणि ती गेली किंवा नाका अडला तर तू अलीकडेच काम शोधशील ना? मग पगार अलीकडच्या चलनात आणि हप्ता पलीकडच्या, म्हणजे त्या पोलंडच्या लोकांसारखीच गत. म्हणून माझं असं म्हणणं आहे की तुझ्या कामाला अलीकडे काय पगार मिळतो तो आकडा काढ आणि हप्ता त्या आकड्यावर बसव. पलीकडे जे जास्त मिळतं ते शिलकीत टाक. एवढ्याने घर एक खोली लहान होईल, होऊ दे. आणि कर्जाच्या मसुद्यात चलन बदलून घेण्याचं कलम आहे का ते विचार. युरोपीय संघाने २०१४ च्या गृहकर्ज निर्देशात परकी चलनात कर्ज घेणाऱ्यांना असा हक्क किंवा जोखीम आवरणारी दुसरी सोय द्यायला सांगितलंय. तुझ्याकडे कायद्याने नसेल तर करारात मागून घे. बँका आपणहून ते पुढे करत नाहीत.

नदीबद्दल तू खूप लिहिलं आहेस. नदी हीच सीमा असली की तिच्या काठच्या घराला दोन प्रश्न जास्त विचारावे लागतात. अमेरिकेतलं एल पासो आणि मेक्सिकोतलं सियुदाद हुआरेझ यांच्यामधे रिओ ग्रांदे नदी वाहते. १८६४ च्या पुरानंतर तिने पात्र बदललं, आणि मधला चामिझाल नावाचा पट्टा कोणाचा, हा वाद थेट १९६३ च्या करारापर्यंत चालला. करारानुसार पट्टा मेक्सिकोकडे गेला आणि एल पासोच्या बाजूच्या ५,००० हून जास्त रहिवाशांना घरं सोडावी लागली. पुढे नदीला काँक्रीटच्या पात्रात बसवलं. तुझ्या बाबतीत असं होईल असं मी म्हणत नाही. पण पूररेषेचा नकाशा स्वतः बघ, आणि समोरच्या काठावर बांध घालायचं चाललंय का तेही विचार. त्यांनी आपला काठ उंच केला तर पाणी तुझ्या पार्किंगमध्ये येईल, आणि त्या बांधाला हरकत घ्यायला तू त्यांची नागरिक नाहीस.

मालकीचा कायदाही सीमेजवळ वेगळा असू शकतो. मेक्सिकोत सीमेपासून १०० किलोमीटर आणि किनाऱ्यापासून ५० किलोमीटरच्या पट्ट्यात परदेशी माणसाला राहत्या घराची थेट मालकी मिळत नाही, बँकेच्या नावे न्यास करून घर घ्यावं लागतं. बेल्जियम आणि नेदरलँड्सच्या सीमेवरचं बार्ले हे गाव तर असं गुंतलेलं आहे की सीमा घरांमधून जाते, आणि पुढचं दार ज्या देशात त्या देशाचं ते घर, असं तिथे धरतात. तुझ्या घराला सीमेलगतचे म्हणून बांधकामाचे, विक्रीचे किंवा भाड्याने देण्याचे काही निर्बंध आहेत का, हे वकिलाकडून लेखी घे. आणि तो वकील विकणाऱ्याने सुचवलेला नको.

आता जे तुला फोटोत दिसलं नाही ते. माझं पहिलं भाड्याचं घर नाक्यापासून दोन गल्ल्या आत होतं. मी ते रविवारी दुपारी पाहिलं. रस्ता रिकामा, खिडकीत ऊन, पक्ष्यांचा आवाज. राहायला गेल्यावर पहिल्याच सोमवारी पहाटे चारला जाग आली. मालाचे ट्रक रांगेत उभे होते. इंजिन बंद करत नाहीत ते, कारण रांग दर काही मिनिटांनी चार हात पुढे सरकते. पुढे सरकताना ब्रेकमधून हवा सुटते, त्याचा फुस्स आवाज एकामागून एक गल्लीभर पसरत यायचा. आवाजाची सवय झाली. काजळीची झाली नाही. खिडकीची पट्टी सकाळी पुसली तरी संध्याकाळी बोट फिरवलं की काळं. वाळत घातलेल्या पांढऱ्या ओढण्या करड्या झाल्या. माझ्या शेजारणीच्या लहान मुलाचा खोकला त्या वर्षी गेलाच नाही, आणि ते दोन किलोमीटर आत राहायला गेले तेव्हा थांबला. म्हणून घर कामाच्या दिवशी पहाटे बघ. पुन्हा संध्याकाळी, नाक्यावर गाड्या तुंबतात त्या वेळी बघ. पलीकडे सुट्टी आणि अलीकडे नाही, अशा एखाद्या दिवशीही जा. त्या दिवशी पलीकडचे सगळे खरेदीला इकडे येतात आणि तुझ्याच फाटकासमोर गाडी लावतात.

तुझा दलाल म्हणतो की पुढच्या दोन-तीन वर्षांत दुसरा पूल होणार आणि भाव वाढणार. मलाही हेच सांगितलं होतं. नकाशावर लाल पेन्सिलने ओढलेली रेघ दाखवली होती. मी ते शहर सोडलं तोवर तिथे गवतच होतं. सीमेवरचा पूल दोन सरकारांनी, दोन अंदाजपत्रकांतून, एकाच वेळी ठरवावा लागतो. होतातही अशी कामं. स्ट्रासबुर्गची ट्राम २०१७ मध्ये ऱ्हाइन ओलांडून जर्मनीतल्या केलपर्यंत गेली आणि लोक आता सहज ये-जा करतात. पण भाव मोजायचा तो रूळ पडल्यावर. कागदावरच्या पुलासाठी आज एक पैसाही जास्त देऊ नकोस.

कर आणि विम्याचं थोडक्यात सांगते, कारण ते देशादेशाच्या करारावर अवलंबून असतं. कर कुठे, आजारपणाचा विमा कुठे, निवृत्तिवेतन कुठे, हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि तिन्हींची उत्तरं एकच असतील असं समजू नकोस. घरून काम करणार असशील तर जास्तच जप. युरोपात राहत्या देशात कामाचा २५ टक्के किंवा जास्त भाग होत असेल तर सामाजिक विमा राहत्या देशाकडे जातो. १ जुलै २०२३ पासून बऱ्याच देशांनी आपसांत करार करून, घरून काम ५० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर विमा नोकरी देणाऱ्या मालकाच्या देशातच राहू द्यायची सोय केली. तुझ्याकडचा आकडा कोणता ते मालकाकडून लेखी माग.

दवाखान्याचं मात्र तपासून बघच. रात्री अडीच वाजता रुग्णवाहिका पूल ओलांडू शकते का? स्पेन आणि फ्रान्सच्या सीमेवर पुइग्सेर्दाला २०१४ मध्ये दोन्ही बाजूंच्या लोकांसाठी मिळून एक रुग्णालय उघडलं, पण अशी समज सगळीकडे नसते. डोळ्यांसमोर दिसणारा दवाखाना आपल्याला बंद असणं काय असतं, ते मी एका रात्री पाहिलंय. त्यावर जास्त लिहवत नाही.

हे सगळं वाचून तू घाबरून तिथे जाणंच सोडशील, तर मला फार वाईट वाटेल. त्या नऊ वर्षांसारखी वर्षं मला पुन्हा मिळाली नाहीत. भाजीवालीशी एका भाषेत भाव करायचा आणि उरलेले पैसे दुसऱ्या भाषेत मोजून घ्यायचे. फिनलंडच्या टोर्निओत आणि स्वीडनच्या हापारांदात घड्याळ एका तासाने वेगळं आहे, म्हणजे नववर्ष एका काठावर साजरं करून दुसऱ्या काठावर पुन्हा करता येतं. आमच्याकडे घड्याळ एकच होतं, पण सण दुप्पट होते. पलीकडच्या एका कुटुंबाने मला घरचं मानलं, आजही मानतात. तिथे राहायला तू जाच, आणि पलीकडची भाषा पहिल्या महिन्यापासून शीक. ऑफिसपुरती शिकून भागणार नाही, जिन्यात भेटलेल्या आजीशी बोलता आली पाहिजे.

फक्त लगेच विकत घेऊ नकोस. त्याच भागात एक वर्ष भाड्याने राहा. चारही ऋतू, पलीकडची एक निवडणूक, नाक्यावरचा एखादा संप, यांतलं जेवढं बघायला मिळेल तेवढं बघ. त्या एका वर्षाचं भाडं वाया गेलं असं तुझे आईबाबा म्हणतील. त्यांना माझ्याशी बोलायला सांग.

तरीही याच घरावर मन असेल, तर विकणाऱ्याकडे तीन आठवड्यांची मुदत माग. नाही म्हणाला तर का नाही, तेही विचार. या गुरुवारी पहाटे साडेचारला त्या इमारतीखाली जाऊन अर्धा तास उभी राहा, खिडकीच्या पट्टीवरून बोट फिरव, आणि शेजारच्या दोन घरांत विचार की मागच्या वेळी नाका बंद झाला तेव्हा त्यांनी काय केलं. जे कळेल ते त्याच दिवशी मला लिही, सोबत कर्जाचा मसुदाही पाठव. संध्याकाळी सातनंतर मी फोनजवळच आहे.

तुझी,
मावशी